काळ्या थराची साक्ष

१

पोलादाची पट्टी ऑटोक्लेव्हमधून बाहेर आली आणि एतेल्कानं ती उजेडाकडं धरली. पट्टी काळी होती. काळी असायला हरकत नव्हती, पण इतकी काळी असायला नको होती.

हंगेरीतल्या ग्यॉरच्या त्या जुन्या बॉयलर-घराचं तळघर रिकामं होत होतं. संस्था बंद पडली होती आणि इमारत विकली गेली होती. जुन्या लोकांना निरोप गेला होता, की तुमचं काही राहिलं असेल तर घेऊन जा. एतेल्काचं तिथं काहीच राहिलं नव्हतं. तरी ती आली. हमालांनी भिंतीलगतची खोकी हलवली, त्यामागं तो जाड पोलादी हंडा, म्हणजेच ऑटोक्लेव्ह, दिसला आणि तिनं त्याला हात लावायची सगळ्यांना मनाई केली. झाकणाचे बोल्ट स्वतः सैल केले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, दम लागला, पण पाना कुणाच्या हाती दिला नाही.

आत पट्टी तशीच लटकत होती. वरच्या टोकाला ठोकून उमटवलेलं व्हिल्मोशचं आद्याक्षर.

तो तेव्हा तिच्यासोबत इथं काम करायचा; पट्टी दोघांनी मिळून टांगली होती. छप्पन साली, ऑक्टोबर सरता सरता. बाहेर शहर पेटलं होतं आणि हा प्राणी म्हणत होता, "क्रांत्या होत राहतात एतेल्का, पण इतकं शुद्ध पाणी पुन्हा मिळायचं नाही." त्यानंतर आठवड्याच्या आत रशियन रणगाडे आले. तिला त्याच दिवशी उचलून नेलं, कारण पत्रकं वाटताना कुणीतरी पाहिलं होतं. डिसेंबरात सुटून आली तेव्हा तळघराला सील होतं आणि व्हिल्मोश नव्हता. रणगाडे आले त्याच सकाळी तो हीटर बंद करून सरहद्दीपार पळाला, असं सगळ्यांनी सांगितलं. वरिष्ठांनी तसं सहीनिशी लिहून दिलं होतं.

निरोप नाही, चिठ्ठी नाही. ज्यानं मागं वळून पाहिलं नाही त्याला शोधायचं कशाला, असं म्हणून तिनं मनाला कुलूप घातलं. मागण्या आल्या आणि गेल्या. तिनं आयुष्यभर तेच काम केलं, कढत शुद्ध पाण्यात धातूंचं काय होतं ते बघण्याचं. म्हणूनच तिला आज ते दिसलं.

असं तापलेलं पाणी दाबाखाली ठेवलं की पोलाद तांबूस गंजत नाही, ते काळं पडतं. तो काळा थरच पुढं त्याचं चिलखत होतो. आधी झरझर चढतो, मग मंदावतो. आठवडाभराची पट्टी कशी दिसते हे एतेल्का झोपेतही सांगू शकली असती. पातळ, तुकतुकीत, उजेडात तिरकी धरली की निळसर झाक मारणारी.

ही पट्टी कोळशासारखी दाट होती.

थर मोजायचा तर एक कोपरा आम्लात बुडवायला हवा होता. तेवढा भाग कायमचा जाणार. त्याच्या हातची एवढी एकच वस्तू जगात उरली होती. आपल्या आताच्या प्रयोगशाळेत ती चिमट्यात पट्टी धरून कितीतरी वेळ बसून राहिली. मग डोळे मिटले आणि कोपरा बुडवला.

आधीचं वजन, नंतरचं वजन. दिवस काही त्यातून निघत नाहीत, पण आठवडा आणि अख्खा हिवाळा यांतला फरक आंधळ्यालाही कळावा. ऑटोक्लेव्ह निदान फेब्रुवारीपर्यंत तापत राहिला होता.

पट्टीला खोटं बोलता येत नाही. मग तेहतीस वर्षं कोण खोटं बोलत होतं?

२

सहीनिशी खोटं बोलणारा माणूस जिवंत होता. डॉक्टर बेर्तालान, तेव्हाचे प्रमुख. राबा नदीकाठच्या घरात, अंगणातल्या अक्रोडाखाली पायावर शाल घेऊन बसलेले. त्यांच्या त्या सहीसाठी एतेल्कानं उभ्या जन्मात त्यांना सरळ तोंडानं नमस्कार केला नव्हता.

"कोण? एतेल्का? माझ्या अंत्ययात्रेला आलीस की काय? जरा लवकर आलीस."

"डॉक्टर, तुम्ही व्हिल्मोशला जाताना पाहिलंत?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"तसं लिहिलंय ना मी?"

"लिहिलंय ते मला पाठ आहे. ट्रकमध्ये चढताना पाहिलं, म्हणे. मी विचारतेय, पाहिलंत का?"

"नाही."

 इतकी वर्षं मनाच्या तळाशी दाबून ठेवलेली शंका एकदम वर आली. याच माणसानं त्याला पकडून दिलं असेल. तळघरातून नेला असेल आणि संपवला असेल.

"काय केलंत त्याचं?"

"मी?" बेर्तालान हसले, पण हसू ओठांतच विरलं. "पोरी, पोलीस यादी घेऊन आले होते. तिच्यात त्याचं नाव होतं. मी म्हटलं, पक्षी उडाला, मी डोळ्यांनी पाहिला. जो गेला त्याला कोण शोधतं? त्याला वाचवायचं होतं आणि माझी कातडीही वाचवायची होती. यातलं आधी कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही."

"म्हणजे तो कुठं होता ते तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक करून घेतलं नाही. तळघराला सील ठोकलं आणि पाठ फिरवली. पण सील पुढच्या दाराला होतं बरं का. मागच्या कोळशाच्या दाराची किल्ली मी कधी मागितली नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "मागच्या दाराची किल्ली कुणाकडं असायची, ते तुला मी सांगायला नको."

नकोच होतं. शिवाय सबंध हिवाळा तापायला वीज लागते, आणि वीज फक्त एका माणसाच्या हातात होती.

३

अंब्रुश बाचीकडं, सगळ्यांच्या त्या अंब्रुश काकाकडं, जाण्याआधी एतेल्का पुन्हा तळघरात उतरली. नुसतं ऑटोक्लेव्ह तापत होतं म्हणून तिथं माणूस राहत होता असं म्हणता येत नाही. तिला माणसाची खूण हवी होती.

ती कोपऱ्यात मिळाली. पत्र्याची एक जुनी बादली. हमालानं ती भंगारात टाकायला उचलली आणि म्हणाला, "बाई, ही चाळण झालीय."

एतेल्कानं बादली उजेडाकडं धरली. तळाला टाचणीएवढी भोकं, त्यांतून आकाशातल्या चांदण्यांसारखा प्रकाश येत होता. भोकांभोवतीचा जस्ताचा मुलामा मात्र जवळजवळ नव्यासारखा शाबूत.

घरच्या बादलीत असं होत नाही. थंड पाण्यात जस्त आपण झिजतं आणि लोखंडाला राखतं, त्यासाठीच तर तो मुलामा. पण शुद्ध पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम असलं की हे नातं उलटं होतं. जस्त सुखरूप राहतं आणि त्याच्या एखाद्या ओरखड्याखालचं लोखंड पोखरलं जातं. तेही एका दिवसात नाही. गरम पाणी रोजच्या रोज, महिनोन् महिने त्यात राहावं लागतं.

तळघरात नळ नव्हता. होतं ते डिस्टिल्ड पाणी, काचेच्या मोठ्या बरण्यांत साठवलेलं. कुणीतरी ते बादलीत ओतून तापत्या ऑटोक्लेव्हच्या झाकणावर ठेवत होतं. तोंड धुवायला. चहाला. हात शेकायला. प्रयोग चालू ठेवण्याचं कारणही तेच असणार, कारण त्या हिवाळ्यात दुसरी ऊब तिथं नव्हतीच.

एतेल्का पायरीवर बसली. ती त्याला जगाच्या दुसऱ्या टोकाला कल्पून शिव्या देत होती, तेव्हा तो इथं होता, तिच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर.

अंब्रुश बाची शहराबाहेर लेकीकडं राहत होता. एके काळी बॉयलर आणि डायनामो त्याच्या ताब्यात असायचे. आता नव्वदीकडं झुकलेला, पण मिशा अजून मेण लावून पिळलेल्या. त्यानं आधी पालिंकाचे, त्या फळांच्या कडक दारूचे, दोन पेले भरले, एक तिच्यापुढं सरकवला.

"पी. घसा कोरडा असताना मी कुणाशी बोलत नाही."

ती प्यायली. मग म्हणाली, "बाची, त्या हिवाळ्यात तळघराची वीज तुम्ही चालू ठेवलीत."

"ठेवली."

इतक्या सहज उत्तराची तिनं अपेक्षा केली नव्हती. "आणि मला इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत?"

अंब्रुश बाचीनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिचंच डोकं ठिकाणावर नाही.

"तुला काय सांगायचं? तुला तर सगळं माहीत होतं!"

"मला?"

"जेवण घेऊन जाणाऱ्या माणसानं तू सुटून आलीस त्याच दिवशी मला सांगितलं. एतेल्काला सगळं माहीत आहे, पण तिच्यावर पाळत आहे, रस्त्यात भेटली तर चकार शब्द काढू नका. नाही काढला. मी खाली कधी उतरलोसुद्धा नाही. जितकं कमी माहीत तितकं बरं, अशीच तेव्हाची रीत होती. मग बर्फ वितळायला लागलं आणि एक दिवस किल्ली खिळ्यावर परत लटकत होती. म्हटलं, गेला पोरगा." त्याचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे तुला माहीतच नव्हतं? अगं, तो तुझ्यासाठीच थांबला होता ना? तेव्हा सरहद्द अजून उघडी होती. सगळे जात होते. हाच तेवढा जात नव्हता."

एतेल्कानं पेला बाजूला सरकवला.

"जेवण कोण नेत होतं?"

"ते नाव मी काढणार नाही. आईच्या थडग्याची शपथ घातली होती मला."

"बाची, मी पाया पडते."

"पडू नकोस, उठवताना माझी कंबर जाईल." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "शपथ म्हणजे शपथ, लेकरा. तूच शोध. तू शिकलेली आहेस."

४

घरी आल्यावर एतेल्कानं पट्टी पुन्हा भिंगाखाली घेतली. या खेपेला तिला काळ नको होता, माणूस हवा होता.

बेर्तालान? त्यांनी ठाऊकच करून घेतलं नव्हतं. अंब्रुश बाची खाली उतरला नव्हता. उरला कोण? तेव्हा प्रयोगशाळेत माणसं होतीच किती? निम्मी पळाली, उरलेली भ्यालेली.

थराच्या पृष्ठावर बारीक लालसर ठिपके होते. आधी तिला ते गंजाचे वाटले होते. आता तिनं सुईच्या टोकानं एक खरवडला. गंज असता तर भुकटी झाली असती. हा चमकला.

तांबं.

ती सुई हातात धरून स्तब्ध बसली. त्या ऑटोक्लेव्हच्या पाण्यात तांब्याचा कण येऊ नये म्हणून व्हिल्मोश जीव टाकायचा. पितळी नळसुद्धा त्यानं काढून टाकले होते. तांब्याच्या भांड्यात गरम पाणी राहिलं की तांब्याचा किंचित अंश पाण्यात उतरतो आणि पुढं लोखंड भेटलं की त्याच्यावर जाऊन बसतो. पण थराच्या आतल्या भागात ठिपके नव्हते, होते ते फक्त वरवर. म्हणजे तांबं आलं ते अखेरीअखेरीस. ऑटोक्लेव्हमध्ये पाण्याची भर घालायची होती, जड बरणी एकट्याला वर उचलता येत नव्हती आणि बादली गळत होती. हाताशी दुसरं भांडं असतं तर त्यानं तांब्याला हातही लावला नसता. जेवण ज्यातून यायचं तेच भांडं तिथं होतं.

अंब्रुश बाचीचा डबा निळ्या एनॅमलचा. बेर्तालान कँटीनमध्ये जेवायचे. अख्ख्या प्रयोगशाळेत तांब्याचा झाकणाचा डबा एकाच व्यक्तीकडं होता. आजीच्या वेळचा, आतली कल्हई कधीच उडालेली. त्यातलं घेवड्याचं सूप सगळ्यांनी वाटून खाल्लेलं. एतेल्कानंही.

गिझेल्ला. काचेच्या नळ्या फुंकणारी गिझी. त्या डिसेंबरात तुरुंगाच्या दाराशी शाल घेऊन उभी होती ती गिझी. तेव्हापासून दर रविवारी जिच्या स्वयंपाकघरात एतेल्का जेवत आली, ती गिझी.

तिला वाटलं, गणित चुकलं असावं. पुन्हा एक ठिपका खरवडला. तोही चमकला.

५

दुसरा दिवस रविवारच होता. गिझेल्लानं नेहमीप्रमाणं पोगाचा, ते छोटे खारे पाव, भाजले होते, घरभर खारट लोण्याचा वास होता. काच फुंकून फुंकून तिची छाती आता निकामी झाली होती. दोन वाक्यांमध्ये तिला थांबावं लागे.

"आज उशीर? की बयेला राग आलाय कशाचा?"

एतेल्का बसली नाही. "गिझी, त्या हिवाळ्यात तू त्याला सूप न्यायचीस."

गिझेल्लानं हातातलं ताट हळूच खाली ठेवलं. कसला हिवाळा, कोण तो, असं काहीही तिनं विचारलं नाही.

"अंब्रुशनं सांगितलं?"

"त्यानं शपथ पाळली. तुझ्या डब्यानं सांगितलं."

"बस ना."

"नाही बसत. त्याच्यावर जीव होता तुझा?"

गिझेल्लाला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी. "त्याच्यावर? त्या फुटपट्टीवर? रोज सूप देताना मला विचारायचा, मीठ किती घातलंस ते मोजून घातलंस का! नाही गं, एतेल्का. आणि विचारायचा ते तुझ्याबद्दल. रोज. ती सुटली का, ती जेवते का, तिला सांगितलंस का. रोज."

"मग?"

"मग काय! तू सुटलीस, पण तुझ्यामागं पाळतीचा माणूस होता. तू तळघरात गेली असतीस तर दोघंही गेला असतात. म्हटलं, थोडं निवळू दे. हे खरं आहे. देवाशप्पथ खरं आहे." ती थांबली, श्वास घेतला. "पण निवळलं तेव्हाही मी बोलले नाही. हेही खरं."

"का?"

"तू गेली असतीस."

बाहेर चर्चची घंटा वाजत होती. ती थांबल्यावर गिझेल्ला पुन्हा बोलू लागली.

"माझं कोण होतं? आई-बाबा युद्धात गेले. भाऊ नोव्हेंबरातच पळाला, मला न सांगता. सगळे जात होते, एतेल्का. रोज सकाळी उठावं तर आणखी एक खिडकी बंद. मला तू हवी होतीस. एवढंच. त्याला म्हटलं, एतेल्का पुढं गेली, व्हिएन्नात तुझी वाट बघतेय. ऐकलं आणि वेड्यासारखा हसला. त्याच रात्री निघाला. तुला म्हटलं, तो कधीच गेला. तुम्ही दोघंही माझ्यावर विश्वास ठेवलात."

"म्हणजे तो मला शोधायला गेला."

"हो."

"जिथं मी नव्हते तिथं."

"हो." गिझेल्लानं खाली पाहिलं. "नंतर सरहद्दीवर सुरुंग पेरले. तेव्हा सांगितलं असतं तर तू त्यांच्यावरून पळत सुटली असतीस. मग वर्षं गेली. दरवर्षी वाटायचं, यंदा सांगू. दर रविवारी तू यायचीस, आणि वाटायचं, एवढा एक रविवार होऊ दे."

एतेल्काला ओरडावंसं वाटत होतं. पण समोरच्या बाईचे ओठ निळे पडत चालले होते, आणि तेहतीस वर्षांची सवय हातात होती. तिनं खिडकी उघडली, उशी पाठीशी सरकवली, पाणी दिलं. 

"पुढच्या रविवारी येशील?" गिझेल्लानं विचारलं.

एतेल्कानं कोट उचलला. जिना उतरून गेली.

६

व्हिएन्नाची टेलिफोन डिरेक्टरी मोठ्या पोस्टात ठेवलेली असे. कुणीही मागितली तर मिळायची. एतेल्कानं ती याआधी कधीच मागितली नव्हती. व्हिल्मोशचं झित्वाई हे आडनाव त्यात एकच होतं.

तिनं फोन केला नाही. फोनवर माणूस नाही म्हणू शकतो.

आगगाडी हेग्येशहालोमला, सरहद्दीवरच्या स्थानकात, थांबली. आता तिथं ना कुत्री होती, ना आरसे घेऊन डब्यांखाली डोकावणारे शिपाई. एका पोरसवदा अधिकाऱ्यानं जांभई देत तिच्या पासपोर्टवर शिक्का मारला. एवढ्याशा अंतरासाठी एवढी वर्षं, या विचारानं तिला हसू आलं, आणि शेजारच्या बाईनं काही न विचारता रुमाल पुढं केला.

घर चौथ्या मजल्यावर होतं. दार एका स्त्रीनं उघडलं. पांढरे केस, बाह्या वर सारलेल्या, हाताला पीठ. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. घोकून ठेवलेली जर्मन वाक्यं एतेल्काच्या ओठांवरून पसार झाली.

"मी... माफ करा. मी ग्यॉरहून आले."

त्या स्त्रीनं हात ॲप्रनला पुसले. "तुम्ही एतेल्का."

प्रश्न नव्हताच तो; आणि ती बोलली होती हंगेरियनमध्ये.

"मी हेर्मिने. आत या. कोट द्या इकडं. ते पाव आणायला गेलेत, येतीलच. बसा, उभ्या उभ्या पडाल."

एतेल्का स्वयंपाकघरात बसली. हेर्मिनेनं चहाचं पाणी ठेवलं, तिसरी खुर्ची ओढली, तिसरी बशी काढली, सगळं घाई न करता.

"तुम्हाला राग नाही आला?" एतेल्कानं विचारलं.

"येऊन गेला. पुष्कळ वर्षांपूर्वी." हेर्मिने तिच्यासमोर बसली. "लग्नाआधी त्यांनी मला सगळं सांगितलं. निर्वासितांच्या छावणीमागून छावणी पालथी घातली होती. कुणी सांगे कॅनडाला गेली असेल, कुणी सांगे ऑस्ट्रेलियाला. म्हणाले, आणि समजा ती एक दिवस दारात उभी राहिली, तर तू काय करशील?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, चहा टाकीन. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, मला ते फार शहाणपणाचं वाटलं." ती किंचित हसली. "आता जमतंय का बघते."

"मी गेले नव्हते," एतेल्का म्हणाली. "मी तिथंच होते. त्यांना खोटं सांगितलं होतं. मला फक्त एवढंच... त्यांनी असं समजू नये, की मी थांबले नाही."

हेर्मिनेनं समोरची बशी सरळ केली. पाणी उकळायला लागलं तरी उठली नाही.

"मग हे त्यांना तुम्हीच सांगा," ती शेवटी म्हणाली. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल, त्यांची समजूत काढतेय."

जिन्यात पावलं वाजली. एक एक पायरी, मध्ये थांबून, पुन्हा. चौथा मजला म्हाताऱ्या माणसाला काही जवळ नसतो. एतेल्काच्या डोक्यात तेहतीस वर्षं हा क्षण किती तऱ्हांनी घडला होता. दर वेळी ती धावत जायची. आता ती खुर्चीतच बसून होती. केस नीट करायला हात वर गेला आणि मध्येच राहिला.

दारापलीकडं कुणीतरी खिसे चाचपत होतं.

"किल्ली विसरलेत," हेर्मिने म्हणाली. चहाची किटली उतरवायला ती चुलीकडं वळली आणि तशीच पाठमोरी उभी राहिली. "रोज विसरतात. तुम्ही उघडा."

एतेल्का टेबलाला धरून उठली. गेली. दार उघडलं.